शनिवारचा आकडा

उत्तम आवळ्याची हलगी मैदानात कडाडली की गुडघ्यानं अधू झालेलं म्हातारंसुद्धा धोतर सावरून शड्डू ठोकायला बघायचं. खोटं नाही सांगत. माळकुरणच्या मैदानात दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते गोल फिरत राहिले, लोक कंटाळून शेंगा फोडायला लागले, की पंच हळूच उत्तमकडं बघायचा. उत्तम डावा खांदा जरा खाली घ्यायचा आणि हातातल्या दोन काठ्या, टिपरू आणि काडी, अशा फिरवायचा की पैलवानांच्या पायाखाली जणू इंगळ पडलेत. पुढच्या दोन मिनिटांत दोघांतला एक पाठीवर पडून आभाळ बघत असायचा.

असा हा माणूस. हातात देव आणि घशात दारू. पहिली वीस वर्षं सुपारीबरोबर बाटली यायची म्हणून प्यायचा, पुढची दहा बाटली कधी येतीय याची वाट बघत प्यायचा. बावन्नाव्या वर्षी एका मैदानात ऐन रंगात त्याचा हात खाली आला. हलगी छातीवरून घसरली. पाय सुजलेले, डोळ्यांत हळदीचा रंग. जोडीला घुमकं वाजवणारा वसंता त्याला काखेत धरून बाहेर घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायको छाया त्याला गावच्या आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेली. तिथं नवीन मशीन आलं होतं.

त्या मशीनला कागदावर लांबलचक नाव होतं. गावानं त्याचं बारसं केलं, टिचक्या.

आता हा टिचक्या काय करायचा ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजंल. पोटावर बांधायचा एक पट्टा, त्याला अंगठ्याएवढी घुंडी. ती घुंडी उजवीकडच्या दोन बरगड्यांच्या मधे बसवायची. ती आत एक टिचकी मारते. बाजारात आपण कलिंगडाला मारतो ना, तशीच. त्या टिचकीची लाट लिव्हरमधनं पळत सुटते, आणि तिच्यामागं टिचक्या असा बारीक आवाज सोडतो की आपल्या कानाला तो ऐकू येत नाही. त्या आवाजाच्या पडसादावरनं तो ओळखतो, लाट किती जोरात पळाली. चिखलातनं पळणाऱ्याचे पाय रुततात, डांबरीवरनं पळणारा सुसाट जातो. लिव्हरचं तसंच हाय. चांगलं लिव्हर मऊ, लाट रेंगाळते, आकडा येतो पाच-साडेपाच. दारूनं सुजलेलं, आतनं वण पडून ताठलेलं लिव्हर, तिथं लाट सुसाट, आकडा पंधरा, वीस, पन्नास. आणि दुसरा एक आकडा येतो तो चरबीचा. चरबीत आवाज विरतो. जितका विरला तितकी चरबी. दहा टिचक्या, पाच मिनिटं, ना सुई ना रक्त.

पूर्वी हे मशीन मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात असायचं. तिथं होतं तोवर ते डॉक्टरांचं होतं. गावोगाव आलं तसं ते चावडीवर येऊन बसलं. ऊसगाडीवर ड्रायव्हर ठेवायचा तर कारखाना आकडा विचारायला लागला. स्थळ बघायला आलेली माणसं चहाची बशी खाली ठेवत म्हणायची, "बाकी सगळं पसंत हाय. पोराचा आकडा काय?" पारावर बसलेली माणसं रामराम घालायच्या आधी एकमेकांचे आकडे काढायची. आणि सरकारी नियम असा होता की ज्याचा आकडा दहाच्या वर, त्यानं घरातलं एक माणूस राखणदार म्हणून लिहून द्यायचं. इकडं मशीनला आकडा आला की तिकडं राखणदाराच्या फोनवर टिंग वाजायचं. मधे कोण बोलायला नको, लपवायला नको.

उत्तमचा पहिला आकडा आला सतरा पूर्णांक चार. चरबी तीनशे अडतीस. राखणदार म्हणून छायानं आपला नंबर दिला.

छाया शिवणकाम करायची. माळकुरणच्या निम्म्या बायकांच्या अंगावरचा ब्लाउज तिच्या हातचा. त्या दिवशी घरी येऊन तिनं शिलाई मशीनवर चादर टाकली, दोरीनं बांधलं आणि गडहिंग्लजकडच्या भावाला टेम्पो घेऊन ये म्हणून सांगितलं. भांडण नाही, रडणं नाही. उत्तम उंबऱ्यावर बसून बघत होता. त्यानं परत एकदा शपथ घ्यायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

"मारुतीच्या पायावर सात येळा शपथ घेतलासा. माझ्या डोक्यावर हात ठेवून दोनदा. तोंड तीस वरसं बोललं. आता लिव्हरला बोलू द्या."

मग तिनं अट घातली. तीन महिने. दर महिन्याला मशीनला बसायचं. तिन्ही वेळा आकडा आधीपेक्षा खाली आला तर ती परत येणार. एकदा जरी वर गेला, तर शिलाई मशीन परत ह्या घरात येणार नाही, आणि तीही नाही.

टेम्पो गेला. मशीनच्या चार पायांचे चार ठसे शेणानं सारवलेल्या जमिनीवर तेवढे राहिले.

उपकेंद्रात सिस्टर होती सलमा मुजावर. मिरजेकडची, वय तीस-बत्तीस, बोलायला तिखट आणि हाताला हलकी. तिनं उत्तमला बजावलं की एका झटक्यात तोडायची नाही. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर अंगाला कापरं भरतं, फिट येते, माणूस जातो. डॉक्टरांशी बोलून तिनं गोळ्या दिल्या, रोज सकाळी डोळ्यांदेखत गिळायला लावल्या, आणि दोन आठवड्यांत त्याची दारू कमी करत करत शून्यावर आणली. ते दोन आठवडे कसे गेले ते उत्तमलाच माहीत. हात असा थरथरायचा की भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडापर्यंत येईतोवर निम्मं कालवण सदऱ्यावर. संध्याकाळ झाली की पाय आपोआप गुत्त्याच्या वाटेला लागायचे. मग तो गुळाचा खडा तोंडात टाकायचा, हलगी घ्यायचा आणि घराच्या मागं बसून वाजवायचा. शेजारीपाजारी वैतागले. पण कोणी बोललं नाही. त्यांनाही कळत होतं की हा माणूस हलगी वाजवत नाही, स्वतःला बांधून ठेवतोय.

महिना भरला. बुधवार होता. एकट्या माणसाची सकाळ. चूलच पेटली नव्हती, तसाच उपकेंद्रात गेला. आकडा आला तेरा पूर्णांक सहा. चरबी दोनशे एक्क्याण्णव.

उत्तमचा विश्वास बसेना. तीस वर्षांचं पाप एका महिन्यात चार आकड्यांनी खाली? सलमानं समजावलं की त्यातला बराचसा भाग सुजेचा असतो. दारू थांबली की सूज भराभर उतरते, चरबीही वितळते. वण मात्र हट्टी. ते वर्षानुवर्षं घेतात, आणि काही तर जातच नाहीत. पण लिव्हरसारखा दिलदार अवयव अंगात दुसरा नाही. इतकं छळलं तरी संधी दिली की परत उभा राहतो.

"बायकोसारखा," उत्तम म्हणाला.

"ते तुमच्या बायकोला विचारा," सलमा म्हणाली.

तिकडं छायाच्या फोनवर टिंग वाजलं होतं. तिचा काही फोन आला नाही. पण चार दिवसांनी मेव्हण्याबरोबर एक पिशवी आली. आत उत्तमचे दोन सदरे होते, काखेत उसवलेले, शिवून धाडलेले.

त्या सदऱ्यांनी माणूस पार बदलला. पैलवानांचा देव मारुती, आणि उत्तम पैलवानांचा वादक. त्यानं मारुतीचा शनिवार धरला. थोरली बहीण आक्का शेजारच्या गावात राहायची, ती येऊन राहिली. भाऊ सुधारतोय म्हटल्यावर तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं.

दुसऱ्या वेळेची तारीख शनिवारी आली. आक्का म्हणाली, एवढ्या मोठ्या कामाला निघालेला माणूस नुसत्या पोटी उंबरा ओलांडत नाही. पण आज उपास. म्हणून तिनं उपासाचंच केलं. तूप सोडून परातभर साबुदाण्याची खिचडी. वरीचा भात, त्यावर दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. शेवटाला दोन शेंगदाण्याचे लाडू आणि केळं. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ना, ते ह्या घरात शनिवारीही लागू होतं. उत्तम नको नको म्हणत सगळं खाऊन उठला, आक्कानं हातावर साखर ठेवली, आणि तो ताठ मानेनं उपकेंद्रात गेला.

सलमानं पट्टा बांधता बांधता नेहमीचा प्रश्न विचारला, सकाळपासनं काही खाल्लंय का मामा?

"छे. आज शनिवार. उपास हाय."

सलमानं कागदावर खूण केली. टिचक्यानं दहा टिचक्या मारल्या. आणि पडद्यावर आकडा उमटला. पंधरा पूर्णांक एक.

सलमानं पट्टा सोडून परत बांधला, परत दहा टिचक्या. पंधराच. तिनं उत्तमकडं बघितलं. ती बघायची नजर उत्तमनं ओळखली. तीस वर्षं ती नजर तो घरात बघत आला होता.

"सिस्टर, मी थेंब घेतला न्हाई," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्या वेळा पिऊन म्हटलंय की न पिता म्हणायला त्याच्याकडं दुसरं वाक्यच उरलं नाही.

घरी पोचायच्या आत मेव्हण्याचा, प्रकाशचा फोन. "दाजी, ताईनं आकडा बघितला. काय बोलली न्हाई. कापड कापायला बसलीया. तुम्ही आता इकडं यायची गडबड करू नका."

उत्तम त्या दिवशी गुत्त्यासमोर दोनदा उभा राहिला. विचार सरळ होता. न पिता नाव झालंय, मग पिऊन का नको? आत गेला नाही. का गेला नाही, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. अंगात शिवून आलेला सदरा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वरच्या गावात मैदान होतं. आता पोरं प्लास्टिकच्या पडद्याची हलगी वाजवतात. ती शेकावी लागत नाही. उत्तमची मात्र बकऱ्याच्या कातड्याची, आणि तिला वाजवायच्या आधी उसाच्या वाळल्या पाचटाचा जाळ दाखवायला लागतो. गार हलगी ढबढब करते. जाळावर शेकली की कातडं ताणतं, आवाज चढतो, कडक होतो. वसंतानं पाचट पेटवलं. उत्तमनं हलगी जाळावर फिरवली, बोटानं टिचकी मारून बघितली. ढब. परत फिरवली, परत टिचकी. टण.

आणि त्याचा हात तिथंच थांबला.

तीच हलगी. तेच कातडं. काल-परवा बदललेलं नाही. मघाशी ढब म्हणाली, आता टण म्हणतीय. मधे काय झालं? जाळ झाला. कोणी परका येऊन नुसती टिचकी मारंल तर म्हणंल, कातडंच कडक हाय.

"वसंता," तो म्हणाला, "माणसाचं लिव्हर कशानं शेकतं रं?"

वसंताला वाटलं गड्याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, आधी हलगी शेक, करपायला लागली.

सोमवारी उपकेंद्र उघडायच्या आधी उत्तम दारात, काखेत हलगी. त्यानं सलमाला गार हलगी ऐकवली. मग कागद पेटवून शेकून ऐकवली. सिस्टरला वाटलं असंल, सकाळी सकाळी हे काय आलं. पण ऐकता ऐकता ती खुर्चीवर सावरून बसली. तिलाही दोन दिवस एक गोष्ट टोचत होती. तिनं जुने आकडे काढले. शनिवारी ताठपणा वर गेला होता, पण चरबी? दोनशे सत्तेचाळीस. आणखी खाली. माणूस परत प्यायला लागला असता तर चरबी अशी उतरली नसती. एक साक्षीदार म्हणत होता प्यालाय, दुसरा म्हणत होता नाही.

"लिव्हर शेकतं मामा," ती सावकाश म्हणाली. "जेवणानं. पोट भरलं की सगळं रक्त तिकडं धावतं, लिव्हर तटतटून फुगतं, अन् लाट जोरात पळती. म्हणून तर मी विचारती, खाल्लंय का." मग तिनं डोळे बारीक केले. "शनिवारी सकाळी काय काय पोटात गेलं, सांगा बघू."

उत्तमनं सांगायला सुरुवात केली. खिचडी सांगितली, वरी सांगितली, आमटी सांगितली. रताळ्यापाशी येईतोवर सलमानं कपाळावर हात मारून घेतला होता. लाडवांना ती हसायला लागली, आणि केळ्याला तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

"अवो, आमच्यात रोजा धरला की दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा न्हाई. मी म्हटलं मामानं उपास धरलाय, म्हणजे पोट कोरडं ठणठणीत. माझीच चूक. तुमचा उपास असा जेवणाच्या वर असतोय, हे मला सुचलंच न्हाई."

"पण त्यात धान्य न्हवतं," उत्तम अगदी खरेपणानं म्हणाला. उपासाला चालतं ते खाणं नव्हे, हे त्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सलमानं त्याला खरोखरच उपाशी बोलावलं. टिचक्या लावला. अकरा पूर्णांक तीन. मग तिनं डबा उघडला. घरनं खिचडी करून आणली होती. उत्तमला समोर बसवून सगळी खायला लावली, तासभर बाकावर बसवून ठेवलं आणि परत पट्टा बांधला. तेरा पूर्णांक नऊ. एकच माणूस, एकच सकाळ, एक डबा खिचडी, आणि अडीच आकड्यांचा फरक. सलमानं दोन्ही आकडे, जोडीला शनिवारची आपली चूक, सगळं छायाला सविस्तर लिहून धाडलं.

आणि उत्तमला तिनं एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या डोक्यात रुतून बसली. ती म्हणाली, गावाला वाटतं टिचक्या दारू मोजतो. तो दारू मोजत नाही. तो लिव्हर मोजतो. माणसानं काय केलं, काय नाही, ते त्याला काय ठाऊक?

छायाचा फोन आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

"तीस वरसं कारणं ऐकली. वसंताचा वाढदिवस, पावण्यांचा आग्रह, अंग दुखतंय. पण साबुदाणा पहिल्यांदाच ऐकतीया." मागं शिलाई मशीन बंद पडल्याचं उत्तमला ऐकू आलं. "सिस्टर म्हणती म्हणून खरं धरती. अजून एक महिना हाय."

उत्तमनं फोन ठेवला आणि आक्काला सांगितलं की शनिवार चालू राहील, पण पुढच्या तारखेला मशीनवरनं आल्याशिवाय घरात चूल पेटणार नाही. आक्का दोन दिवस रुसली. तिच्या खिचडीनं भावाचा संसार मोडायला निघाला होता, हे तिच्या पचनी पडेना.

तिसरा महिना. आता इथं मला जरा थांबायला पाहिजे, कारण पुढचं सांगताना मलाही बरं वाटत नाही.

दुःखात माणूस सावध असतो, गाफील होतो तो आनंदात. तारखेच्या बारा दिवस आधी यमाईच्या जत्रेचं मैदान होतं. उत्तम त्या दिवशी असा वाजला की म्हातारे पंच म्हणाले, चाळीस वर्षांत अशी हलगी ऐकली नाही. शेवटच्या कुस्तीला दोन्ही पैलवान चितपट झाल्यासारखे दमले, तरी हा थांबेना. आणि कुस्ती निकाली झाली तशी लोकांनी विजयी गड्याला सोडून उत्तमला खांद्यावर घेतलं. तीन महिन्यांपूर्वी ज्याचा हात खाली आला होता, त्याचा तो हात. मैदान भरवणाऱ्या यजमानाच्या अंगणात, दिवस मावळायच्या टायमाला, ताट मांडलं गेलं. तिकडची रीत अशी की मैदान मारलं तर पहिला पेला हलगीवाल्याच्या हातात. यजमानानं दिला. उत्तमनं घेतला. विचार केला नाही. प्याला.

पेला खाली ठेवला तेव्हा त्याला कळलं काय झालं. दुसरा भरायला आलेल्या हाताखाली त्यानं पेला पालथा घातला, ताटावरनं उठला आणि तसाच चालत घरी आला.

बारा दिवस त्यानं थेंब घेतला नाही. पण बारा दिवस तो पेला त्याच्या बरगडीत घुंडीसारखा टोचत होता.

तारीख आली. पोट कोरडं ठणठणीत. सलमानं पट्टा बांधला. दहा टिचक्या. नऊ पूर्णांक दोन. चरबी दोनशे एकवीस. सलमानं टाळी वाजवली. दहाच्या खाली! सतरावरनं आलेला माणूस! तिनं त्याला सांगितलं की अजून लांब जायचंय, वण आहेत, सहा महिन्यांनी परत बघायचं, आणि आता एक घोटसुद्धा परवडायचा नाही. एक घोट मशीनला दिसत नाही, पण तो एकटा राहत नाही. उत्तम मान डोलवत होता. तिकडं टिंग वाजलं होतं.

दुपारच्या एस.टी.नं छाया आली. हातात एक पिशवी. शिलाई मशीन नव्हतं. तीन महिन्यांनी ती घराच्या पायरीवर उभी होती आणि उत्तम आतनं बघत होता. तिचं तोंड मोकळं होतं. इतकं मोकळं तोंड त्यानं लग्नाच्या वर्षी बघितलं होतं, नंतर नाही. आक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शहाणी बाई, पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेली.

उत्तमला काही बोलायची गरज नव्हती. आकडा बोलला होता. मशीननं शपथ घेतली होती, सरकारी शपथ. यजमानाचं गाव परकं, वसंता मेला तरी सांगणारा नव्हता. नुसतं गप्प बसलं की झालं.

"छाया, आत यायच्या आधी ऐक," तो म्हणाला. "यमाईच्या मैदानाला मी एक पेला घेतला. एक. त्यावर न्हाई. मशीनला ते घावलं न्हाई."

छायानं पिशवी पायरीवर ठेवली. बसली. मग तिनं विचारलं, कुणी बघितलं काय? तो म्हणाला, बघितलं, पण कोण सांगणार नाही. तिनं विचारलं, मग तुम्ही का सांगितलंसा?

उत्तमनं लई विचार केला. शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस, त्याला शब्द कमी. "शनिवारी मी खरं बोलत होतो, तवा आकडा खोटं बोलला," तो म्हणाला. "आज आकडा चांगला आला, पण माझ्याकडनं चांगलं वागून न्हाई आला. मला त्याच्या मागं लपायचं न्हाई."

छायानं फोन काढला. उपकेंद्राचा नंबर लावला.

"सिस्टर, छाया आवळे बोलतीया. राखणदारात्नं माझं नाव काढा. आजच."

उत्तमनं दाराची चौकट धरली. संपलं, त्याला वाटलं. खरं बोलून संपलं. जमिनीवरचे शिलाई मशीनच्या पायांचे चार ठसे त्याला दिसायला लागले. आक्कानं दोन महिने सारवलं, पण ती जागा सोडून सारवलं होतं.

पलीकडनं सलमानं काहीतरी विचारलं असावं. छाया उत्तमकडं बघत म्हणाली, "न्हाई, कुणाचंच नाव घालू नका. आकडा ह्यांच्याच हातात द्या. मला हे सांगतील."

तिनं फोन पिशवीत टाकला, पिशवी उचलली आणि त्याला बाजूला सारून आत गेली. आतनं तिचा आवाज आला, की प्रकाशला टेम्पो घेऊन यायला सांगा, शिलाई मशीन आणायचंय, आणि येताना सुया आणायला सांगा, जाड्या. तुमचा हलगीचा पट्टा तुटायला आलाय.

उत्तमनं खुंटीवरची हलगी काढली. जाळ नव्हता, पाचट नव्हतं. गारच वाजवली. ढब, ढबढब, ढब. शेजारची म्हातारी कुंपणावरनं डोकावून म्हणाली, काय रं उत्तम, आज शेकली न्हाईस?

"न्हाई," तो म्हणाला. "आज अशीच."